दोन वेशींचं गाव

कवठाळी, ता. उमरगा, जि. उस्मानाबाद
२० जून १९७९

चि. सौ. चांगुणास आबारावाचे आशीर्वाद. आशीर्वाद रिवाजाप्रमाणे आधी लिहिले. राग त्याच्यानंतर आहे आणि तो तसूभरही कमी झालेला नाही.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा त्यावर चिंचवाडीचाच शिक्का असेल. हसू नकोस. आपल्या गावात टपालपेटी नाही, म्हणून मी सायकलवर दोन कोस येऊन तुमच्या दूध सोसायटीच्या भिंतीवरच्या पेटीत हे टाकणार आणि तसाच माघारी फिरणार. मग तुमचा पोस्टमन ते पेटीतून काढून, चार घरं ओलांडून तुझ्या हातात देईल. ती चार घरं मलाही ओलांडता आली असती. पण सून रुसून माहेरी गेलेली असताना व्याह्याच्या दारात बिनबोलावता उभं राहणं मला जमायचं नाही, आणि तू बोलावणार नाहीस.

त्या दिवशी वरच्या वेशीत तू जे बोललीस ते आता गावभर झालं आहे. बाया पाण्याला निघालेल्या, पारावर माणसं बसलेली, आणि तू शालनचा हात धरून, ट्रंक गाडीत टाकून उभी. मी काय वाईट बोललो? एवढंच म्हणालो, की पाच हजार वस्तीच्या गावातली पोरगी दीडशे उंबऱ्यांच्या वाडीला शिकायला जाणार, लोक हसतील. तर तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "हसू द्या, मामा. म्या वाडीची असून सातवी शिकले. माझी लेक पाटलाची नात असून तितंच थांबायची व्हय? कवठाळीत आठवी निघाली की त्या दिवशी येते. तवर न्हाय."

तवर न्हाय. गाडी ओढ्यात उतरेपर्यंत मी तिथंच उभा होतो. खालच्या वेशीचा पुढारी हिंमतराव तिकडून येत होता, त्याने मुद्दाम थांबून विचारलं, "सूनबाई जत्रंला निघाल्या का?" मी पाठ फिरवून घराकडं चालू लागलो. त्या प्रश्नाचाच राग जास्त आहे.

तुझी सासू दोन दिवस धड जेवली नाही. शालनची पाटी अजून कोनाड्यात आहे, ती कुणाला हलवू देत नाही. तुझ्या नवऱ्याला, उत्तरेश्वरला, मी सोलापूरला कळवलं आहे. आता सुट्टीत तो कुठं उतरतो ते बघायचं. त्याची गाडीसुद्धा चिंचवाडीलाच थांबते, आपल्याकडं नाही, त्यामुळं तो आधी तुझ्याकडंच येणार.

आमचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं. तेव्हा काना-मात्रा चुकली असेल तर सांभाळून घे, बाकी काही सांभाळून घेऊ नकोस.

आबाराव


कवठाळी
११ जुलै १९७९

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. 'मामा, रागाचं पत्र वाचलं. शाळेचं काय केलंत ते त्यात नव्हतं.' एवढ्यासाठी कार्ड कशाला खर्च केलंस? पण तुझ्या सासूने ते दोनदा वाचून घेतलं आणि मग माझ्याकडं अशी बघत बसली की मी दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याला गेलो.

शिक्षण खात्याचे साहेब वयाने लहान, बोलायला नरम. मी सांगितलं, मी कवठाळीहून आलो. ते म्हणाले, "कवठाळी म्हणजे चिंचवाडीजवळचं का?"

चांगुणा, बहात्तरच्या दुष्काळात मी डोक्यावर खडीची पाटी वाहिली, तेव्हा लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. आपल्या गावाला दोन वेशी, मोठा बाजार भरेल एवढं पटांगण, आणि साहेबाला ते तुझ्या वाडीच्या खुणेवरून ओळखावं लागतं. मी मान हलवली आणि म्हणालो, व्हय, तेच.

साहेब म्हणाले, गावाने जागा आणि दोन खोल्या द्याव्यात, मास्तर आम्ही पाठवू. फक्त जागा कोणती ते दोन्ही वेशींनी एकमताने सांगायला हवं. त्यांनाही आपलं गाव माहीत असावं, कारण हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदाच विचार केला, की हे सगळं तुमच्याकडं गेलं कसं. तुला आठवतंच, दुष्काळात रस्ता आपल्याच गावाला यायचा होता. आपण सगळ्यांनी खडी फोडली. तू, तुझी सासू, बौद्धवाड्यातली नागूबाई, एका ओळीत बसायच्या, आणि पाच वर्षांची शालन बाभळीखाली नागूबाईच्या गौतमीबरोबर सुकडी खात खेळायची. मग रस्ता वरच्या वेशीतून आत घ्यायचा की खालच्या, यावर आम्ही महिनाभर भांडलो. ओव्हरसियर कंटाळला आणि रस्ता चिंचवाडीकडून वळवून निघून गेला. खडीचा ढीग अजून गावाबाहेर पडलेला आहे. वरचे खालच्यांना उचलू देत नाहीत आणि खालचे वरच्यांना. त्याच्यावर आता तरवड उगवला आहे.

टपालपेटीचंही तसंच. ती आमच्या वेशीला टांगली होती, खालच्यांनी काढून त्यांच्या वेशीला टांगली, आम्ही परत आणली. मग टपालखात्याचा माणूस आला आणि तिला बगलेत मारून घेऊन गेला. दूध सोसायट्या आपल्याकडं दोन निघाल्या, दोन्ही मिळून एक कॅन भरत नव्हता. आता तुझी सासू गावातल्या सगळ्या बायांसारखी चिंचवाडीच्या सोसायटीला दूध घालते. आणि ते साहेब आठवतात ना, ज्यांना आम्ही दोन्ही वेशींनी जेवणाचं आवतण दिलं होतं? दोन्हीकडं जेवावं लागेल या धास्तीने त्यांनी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि तुमच्या वाडीला जाऊन तुझ्या वडिलांकडं पिठलं-भाकर खाल्ली. पुढच्या वर्षी तिथं गुरांचा दवाखाना झाला.

तुझे वडील हुशार आहेत असं मी इतकी वर्षं मानत आलो. आता वाटतं, हुशारीचा प्रश्न नव्हता. तुमच्या वाडीत साहेब आला की सगळे एकाच पारावर बसतात, कारण दुसरा पारच नाही.

शाळेचं काय केलं ते लिहिलं. आता पुढचं कार्ड जरा मोठं लिही.

आबाराव


कवठाळी
५ ऑगस्ट १९७९

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

मागचं पत्र टाकायला आलो तेव्हा शालनने मला पेटीपाशी पकडलं, हे तिने तुला सांगितलं असेलच. निळा स्कर्ट, पांढरा सदरा, दोन वेण्या. मी क्षणभर ओळखलं नाही. म्हणाली, "आजोबा, पेटीत कशाला टाकताय, माझ्याकडं द्या की." मी म्हणालो, तिकीट लावलंय, वाया जाईल. ती इतकी हसली की सोसायटीतली माणसं बाहेर आली. मला हाताला धरून शाळा दाखवायला नेत होती. मी नंतर बघू म्हणालो. खरं सांगायचं तर कंपाउंडाबाहेरून मी ती बघितली होती. चांगली आहे. खिडक्या मोठ्या आहेत.

आता सभेचं सांगतो. मारुतीच्या देवळापुढं सभा घेतली. वरच्यांनी शाळा वरच्या वेशीला मागितली, खालच्यांनी खालच्या. तासाभरात बहात्तर सालची भांडणं निघाली, मग त्याच्याही आधीची. मी डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात नागूबाई उठली. बायांच्या मागं, पार कडेला बसली होती.

ती म्हणाली, "तुमच्या दोन वेशी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमाला वेसच न्हाय, आमी दोन्हींच्या भाईर. मंग आमच्या अंगाला, खडीच्या ढिगापाशी बांधा की शाळा. ती जागा वरच्यांचीबी न्हाय आन् खालच्यांचीबी न्हाय. माझी गौतमी शालनसंगंच सातवी झाली. शालन गेली वाडीला, हिला कुठं मामा-आजा बसलाय? माझ्यासंगं खुरपायला येतीया."

सभेत कुजबुज सुरू झाली, आणि ती कशाची होती ते तुला लिहून सांगायला नको. मागच्या वर्षी नामांतरावरून आसपास जे पेटलं ते आपल्या गावात शिरलं नाही, पण धूर सगळ्यांच्या नाकात आहे. आपल्या पोरी रोज बौद्धवाड्यावरून शाळेत जाणार, हे दोन्ही वेशींना सारखंच टोचलं. एवढ्या वर्षांत दोन्ही वेशींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि ते असल्या गोष्टीवर. मला चीड आली. मी उठून म्हणालो, "दुष्काळात याच बाया मांडीला मांडी लावून खडी फोडत होत्या. तवा कुणाला काय टोचलं न्हाय. ज्याला दुसरी जागा सुचत आसंल त्यानं आता सांगावं."

मग हिंमतराव मिशीवर हात फिरवत म्हणाला, "जागंला आपली हरकत न्हाय, आबाराव. खालची येस सही करील. पर येत्या पोळ्याला तोरणाखालनं माझा बैल आधी जाईल. बोला."

सभा तिथंच मोडली.

तू या घरात आल्यापासून पाहिलं आहेस. पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून आपला बैल पहिला जातो, माझ्या आज्याच्या काळापासून. त्यासाठी दोनदा काठ्या निघाल्या आहेत, माझ्या वडिलांचा हात त्यातच अधू झाला. दर पोळ्याला लोहाऱ्याहून पोलीस येऊन बसतात. तो मान सोडायचा म्हणजे काय, हे हिंमतरावाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्याने तेवढंच मागितलं.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. तुझ्या सासूला विचारलं. ती म्हणाली, "बैल इचारतोय का, त्यो कितवा गेला म्हणून?"

आबाराव


कवठाळी
२४ ऑगस्ट १९७९

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

पोळा झाला. तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

आदल्या दिवशी आपल्या हिऱ्या बैलाची खांदेमळणी मी स्वतः केली. तुझ्या सासूने लोणी आणि हळद दिली. सकाळी त्याला ओढ्यावर धुतला, शिंगं रंगवली, झूल घातली, बाशिंग बांधलं. दरवर्षीपेक्षा जास्त सजवला, म्हटलं दुसरा जाणार आहे तर निदान देखणा दिसू दे. भावकीतली बरीच माणसं आली नाहीत. मोठा चुलतभाऊ दारात येऊन म्हणाला, "सुनंच्या नादानं आज्याचा मान इकलास." मी त्याला बसा म्हणालो. तो बसला नाही.

तोरणापुढं सगळं गाव गोळा झालं होतं. हिंमतरावाचा बैल पुढं, वाजंत्री त्याच्यापुढं. मी हिऱ्याचा कासरा धरून मागं. मला वडिलांचा तो अधू हात सारखा डोळ्यांपुढं येत होता. हिंमतरावाचा बैल तोरणाखालून गेला, खालच्या वेशीने गुलाल उधळला, आणि आपल्याकडच्या माणसांनी माना खाली घातल्या. मग मी गेलो. तोरण तेच, आंब्याची पानंही तीच. हिऱ्याने जाता जाता त्यातलं एक पान ओढून खाल्लं. बाया हसल्या. मलाही हसू आलं, काय करणार.

पोलीस बिचारे दिवसभर बसून पुरणपोळी खाऊन गेले. असला पोळा पाहिला नाही म्हणाले.

रात्रीच्या आत हिंमतराव सही घेऊन घरी आला. आमच्या उंबऱ्यात तो माझ्या आठवणीत कधी आला नव्हता. चहा घेतला. उठताना म्हणाला, "माझीबी नात सहावीला हाय, आबाराव. पर मान मागितल्याबिगर सही दिली आसती तर माझ्या येशीनं मला जगू दिलं नसतं." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तोही माझ्यासारखाच बांधलेला आहे, फक्त दुसऱ्या दाव्याला.

मी दुसरा गेलो आणि अजून जिवंत आहे. तुझ्या शब्दाची आठवण ठेव.

आबाराव


कवठाळी
१५ जानेवारी १९८०

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ उत्तरेश्वरबरोबर पाठवला होता, पोचला असेल.

पाया भरून झाला. बहात्तरची खडी पुरली. तरवड उपटून ढीग फोडला तेव्हा खाली ती अजून तशीच निळी होती. नागूबाईने एक खडा उचलून तुझ्या सासूला दाखवला आणि म्हणाली, "ह्यो तुमी फोडलेला, धुरपदाबाई. तुमचा खडा कायम वाकडा." दोघी त्यावर बराच वेळ हसत होत्या. श्रमदानाला आधी खालची वेस आली, मग ती आली म्हणून वरची आली. मोठा चुलतभाऊ आला नाही, पण त्याने बैलगाडी दिली. पत्रे सोलापूरहून आणायचे होते, तर तुझ्या वडिलांनी न मागता सोसायटीचा टेम्पो पाठवला. त्यांना माझा नमस्कार सांग. मी समोर येऊन सांगायला हवा, पण तू अजून बोलावलेलं नाहीस.

आता नवीन सांगतो, बसून ऐक. भिंती कमरेपर्यंत आल्या आणि काम थांबलं. कारण काय, तर शाळेचं तोंड कुणीकडं करायचं. वरचे म्हणतात दार वरच्या वेशीकडं हवं, आम्ही पोळ्याचा मान दिला. खालचे म्हणतात खालच्या वेशीकडं, आम्ही सही दिली. गवंडी तीन दिवस बिड्या ओढत बसला आहे. एकाने तर दोन्हीकडं दार करा म्हणून सुचवलं. गवंडी म्हणाला, मग वारा येईल आणि मास्तर निघून जाईल.

मला या गावाचा कधी कधी एवढा कंटाळा येतो, की वाटतं मीही ट्रंक उचलून तुझ्या वाडीला यावं. पण नागूबाईची गौतमी रोज संध्याकाळी येते आणि कमरेएवढ्या भिंतीच्या आत जाऊन उभी राहते. दार कुठं का असेना, ती भिंतीवरून उडी मारून आत जाते. तिला बघितलं की मी परत भांडायला जातो.

आबाराव


कवठाळी
२० मे १९८०

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला जड जात आहे.

दाराचा तंटा मिटला, भिंती चढल्या, पत्रे बसले. निकाल कसा लागला ते आत्ता लिहीत नाही. काल शाळेची मंजुरी आली. साहेब स्वतः आले, मारुतीपुढं नारळ फुटला, हिंमतरावाने पेढे वाटले. मी सगळ्यांच्या पुढं बसलो होतो. साहेब म्हणाले, जूनपासून आठवीचा वर्ग सुरू होईल. पुढच्या वर्षी नववी, त्याच्या पुढच्या वर्षी दहावी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता माझे हात थांबले.

शालन आठवी पास झाली आहे. जूनमध्ये ती नववीत जाणार. आपल्याकडं नववी निघेल तेव्हा ती दहावीत असेल, आणि दहावी निघेल तेव्हा ती कॉलेजात. ही शाळा कायम तिच्या एक वर्ष मागं चालणार. वर्षभर मी वेड्यासारखा धावलो, बैल मागं नेला, भावकी दुखावली, आणि एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या डोक्यात आलं असणार. तुझ्या कार्डांत तू ते कधी लिहिलं नाहीस, माझा हुरूप मोडू नये म्हणून, हे आता कळतं आहे.

घरी आलो तेव्हा तुझ्या सासूने माझ्या तोंडाकडं बघून पेढा खाली ठेवला. मी तिला सांगितलं. तिने कोनाड्यातली शालनची पाटी काढून पदराने पुसली आणि म्हणाली, गौतमीला देते.

तेव्हा ऐक. तू शब्द दिला होतास, की आठवी निघाली की त्या दिवशी येते. आठवी निघाली. पण ज्या लेकीसाठी तू गेलीस तिची शाळा तिथंच आहे, आणि तिने ती सोडावी असं मी म्हणणार नाही. पोरीला माघारी आणून एक वर्ष बसवायचं, असला विचार मनात आणला तरी मला तुझ्यापुढं उभं राहता येणार नाही. तुझा शब्द मी तुला परत करतो. आमचा राग कधीच संपला आहे. फक्त घर फार मोठं वाटतं.

शाळा २३ जूनला सुरू होणार आहे.

आबाराव


कवठाळी
२७ जून १९८०

चि. शालन हिला आजोबांचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला लिहितो आहे, कारण ज्या बाईला वर्षभर लिहीत होतो ती आत्ता माझ्या पाठीमागं चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, आणि मी काय लिहितो ते मोठ्याने वाचा म्हणते आहे. मी वाचणार नाही.

शाळा सुरू झाली त्या सकाळी काय झालं ते तुझी आई तुला नीट सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. शाळेपुढं सगळं गाव उभं होतं. बौद्धवाड्यातली माणसं, वरची वेस, खालची वेस, सगळी मिसळून, कारण पटांगण लहान आहे आणि वेगळं उभं राहायला जागाच नाही. साहेब नाव पुकारत होते. पहिलं नाव गौतमीचं. ती पुढं आली, हातात तुझी पाटी. आठवीत पाटी लागत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं कुणाच्या मनातही नव्हतं. नागूबाई रडत होती. मीही रडलो, ते राहू दे.

आता दाराचं सांगतो. जानेवारीत सगळे भांडत होते तेव्हा तुझी आजी जेवण घेऊन आली होती. तिने सगळ्यांचं ऐकलं आणि गवंड्याला म्हणाली, "तोंड चिंचवाडीकडं कर. गेलेल्या लेकी तिकडूनच यायच्यात." वरच्यांनी माना हलवल्या आणि खालच्यांनीही हलवल्या, कारण दोन्ही वेशींतल्या दोन-चार घरांच्या पोरी तुझ्यासारख्याच तिकडं शिकायला होत्या, आणि हिंमतरावाचीही थोरली नात त्यांतच होती, जी गोष्ट त्याने माझ्यापासून चहा पिताना लपवली होती. गवंड्याने लगेच सूत धरलं. त्यामुळं आपल्या शाळेच्या दारातून ना वरची वेस दिसते ना खालची. समोर ओढ्यापर्यंत सरळ वाट दिसते.

म्हणूनच त्या सकाळी सगळ्या गावाने तिला येताना पाहिलं. आधी ओढ्याच्या कडेला नुसती हिरवी साडी, डोक्यावर गाठोडं. मी ओळखलं नाही. तुझी आजी म्हणाली, "चांगुणा हाय. चालीवरनं कळंना का?" साहेब नाव पुकारायचे थांबले. ती आली, गाठोडं पायरीवर ठेवलं, आधी आजीच्या पाया पडली, मग माझ्या.

मी म्हणालो, "मी तुझा शब्द परत केला होता."

ती म्हणाली, "तुमी केला, मामा. म्या घेतला न्हाय. आठवी निघाली की येते म्हणले हुते. निघाली का न्हाय?"

मी तुझं विचारलं. म्हणाली, शालन आज्याकडं राहते, नववी-दहावी तिथंच करते, तसं तिचं तिनेच ठरवलं आहे, आणि आईला जा म्हणाली आहे. मग तिने इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "हितला खडीचा ढीग कुठं गेला?" नागूबाईने पायाने जमिनीवर ठोकून दाखवलं.

आता तुझी आई आणि नागूबाई मिळून दूध सोसायटी काढायचं म्हणतात, दोन नव्हे, एकच. ती कुठं बसवायची यावर परवापासून गावात भांडण लागलं आहे. लागू दे. शाळेच्या शेजारी अजून जागा आहे, आणि तिथं कुणाची वेस नाही.

तू मन लावून शीक. ही शाळा तुझ्या एक वर्ष मागून येते आहे, तर येऊ दे, मला आता मागून जायची सवय झाली आहे. तू पुढं चल. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की निघ. तुझी आजी दुपारपासून आपल्या शाळेच्या पायरीवर बसते, तिथून ओढा दिसतो.

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. तुझ्या आईने बोलावणं दिलं आहे, तिच्या माहेरी जायचं. उद्या मी सायकलवर येईन, सोसायटीच्या भिंतीवरची पेटी मागं टाकीन, चार घरं ओलांडीन आणि हे तुझ्या हातात देईन. शाळा आतून दाखवायची राहिली आहे, ती मग दाखव.

तुझा आजोबा,
आबाराव